पुस्तक आधी की कपाट आधी? साहित्य, साहित्यशास्त्र आणि आपण

(पेण आणि रोहा इथल्या वाचकांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय आहे साहित्य आणि साहित्यशास्त्र यांचं नातं, आणि बोलायला उभा आहे एक सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझी पदवी इंजिनिअरिंगची. साहित्यशास्त्राचा एकही पेपर मी आयुष्यात दिलेला नाही. तरी मी 'हो' म्हटलं, कारण गेल्या काही महिन्यांत हा विषय माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावर आला.

आम्ही काही मित्र सुटीच्या दिवशी एका छोट्या वाचनालयाची पुस्तकांची यादी संगणकावर चढवतो. प्रत्येक पुस्तकासाठी एक फॉर्म असतो. नाव, लेखक, प्रकाशक, साल आणि शेवटी 'विषय'. विषयाच्या रकान्यात एकच पर्याय निवडता येतो. एके दिवशी हमीद दलवाईंची 'इंधन' हातात आली. १९६५ सालची कादंबरी. जुन्या रजिस्टरात तिच्यासमोर कुणीतरी सुवाच्य अक्षरात विषय लिहिला होता, 'मुस्लिम समाज'. त्याच पानावर दोन ओळी वर श्री. ना. पेंडशांचं 'गारंबीचा बापू' होतं. त्याच्यासमोर लिहिलं होतं, 'कादंबरी'.

आता बघा. दोन्ही कोकणातल्या गावाच्या गोष्टी. दोन्हींत गावचं राजकारण आहे, देहाची ओढ आहे, नात्यांची भांडणं आहेत. 'गारंबीचा बापू' ब्राह्मण वस्तीत घडतं, पण ते पुस्तक 'ब्राह्मण समाज' या विषयाखाली लावावं असं आजवर कुणाच्या मनातही आलं नसेल. आणि ते बरोबरच आहे, कारण ती कादंबरी आहे. मग 'इंधन' कादंबरी का नाही? ज्याने रजिस्टर लिहिलं त्याच्या मनात द्वेष होता असं मला अजिबात वाटत नाही. उलट त्याने दलवाईंचं नाव आदराने ऐकलेलं असणार. पण त्याच्या डोक्यात पुस्तकं लावायची एक पद्धत होती. ती त्याला कुणी शिकवली नव्हती आणि त्याने स्वतः तपासलीही नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तो रकाना म्हणजेच साहित्यशास्त्र. विद्यापीठातलं साहित्यशास्त्र मोठं असतं, त्यात रस, ध्वनी, लय, रूप, वास्तव असे शब्द असतात. पण त्याच्या मुळाशी प्रश्न तीनच आहेत. साहित्य कशाला म्हणायचं? ते कसं वाचायचं? आणि त्यातलं चांगलं कोणतं हे कोणत्या मापाने ठरवायचं? या तीन प्रश्नांची काहीतरी उत्तरं प्रत्येक वाचकाच्या डोक्यात असतात. 'मला थिअरीबिअरी कळत नाही, मी फक्त गोष्ट वाचतो' असं म्हणणाऱ्याकडेही थिअरी असते. फक्त ती दुसऱ्या कुणाकडून आलेली असते आणि ती आली कधी हे त्याला आठवत नसतं.

मग आधी काय, साहित्य की शास्त्र? साधं उत्तर असं, की भाषा आधी आणि व्याकरण नंतर, तसं साहित्य आधी आणि शास्त्र नंतर. दादी जात्यावर ओव्या म्हणायची तेव्हा तिने छंदशास्त्र वाचलेलं नव्हतं. आपल्या कोकणी मुसलमान घरांतली लग्नाची गाणी कुठल्या समीक्षकाची परवानगी घेऊन आलेली नाहीत. हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. कारण एकदा व्याकरण छापून शाळेत गेलं, की पुढच्या पिढीची भाषा त्यातूनच जाते. कोणाची बोली 'शुद्ध' आणि कोणाची 'अशुद्ध' हे मग तेच ठरवतं. साहित्यशास्त्राचंही तसंच. ते जन्माने धाकटं असतं, पण घरात आल्यावर कारभार हातात घेतं.

याची काही उदाहरणं देतो. पहिलं उर्दूमधलं, कारण इथल्या बऱ्याच जणांचं बालपण उर्दू शाळेत गेलं आहे. अल्ताफ हुसैन हाली यांनी १८९३ साली आपल्या दिवाणाला एक लांबलचक प्रस्तावना जोडली, 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'. उर्दूतल्या आधुनिक समीक्षेची सुरुवात तिथून मानतात. १८५७ नंतरचा मोडून पडलेला समाज त्यांच्यासमोर होता. शायरीत साधेपणा हवा, खरेपणा हवा, ती समाजाच्या उपयोगी पडावी, असं त्यांचं सांगणं. जुन्या गझलेतला ठरीव आशिक आणि ठरीव माशूक त्यांना पोकळ वाटू लागला. हेतू चांगला होता आणि त्यातून उर्दूत नवं लेखनही झालं. पण त्याची किंमतही मोजावी लागली. पुढच्या कित्येक वाचकांना जुनी गझल म्हणजे ऱ्हासाची खूण वाटू लागली. ते मीरकडे शास्त्राच्या चष्म्यातून पाहू लागले आणि मीर दिसेना. शंभर वर्षांनी शम्सुर्रहमान फारुकी यांनी मीरवर चार खंड लिहिले, 'शेर-ए-शोर-अंगेज'. जुन्या गझलेचे स्वतःचे नियम काय होते, ती कोणत्या अपेक्षेने ऐकली जायची, हे त्यांनी मांडलं, तेव्हा तीच शायरी पुन्हा वाचता येऊ लागली. मीरचा एक शब्दही मधल्या काळात बदलला नव्हता. बदललं होतं ते वाचण्याचं माप.

दुसरं उदाहरण शास्त्राच्या बाजूचं आहे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी त्याच्यावर केस करायला आलोय. मराठीत गझल आज घराघरांत आहे. ती रुजली कशी? माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी फारसी-मराठी कोश केला, छंदांचं शास्त्र सांगणारी 'छंदोरचना' लिहिली आणि 'गज्जलांजली'तून मराठी गझलाही लिहिल्या. नंतर सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' तयार केली. रदीफ म्हणजे काय, काफिया म्हणजे काय, शेर स्वतंत्र कसा असतो, हे साध्या भाषेत सांगितलं. म्हणजे इथे नियमांनी साहित्याचा गळा घोटला नाही, दुसऱ्या भाषेतलं रोप इकडे लावायला आळं करून दिलं. फारसीतून आलेली गोष्ट मराठीची झाली, त्यात कवीचा हात होता तसाच व्याकरण सांगणाऱ्याचाही होता.

आता मराठी समीक्षेकडे येतो. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये कलाकृतीची रचना कशी तपासावी याचं कसोशीने शास्त्र मांडलं. लय, त्यातला संवाद, विरोध आणि समतोल. इंजिनिअर म्हणून मला ते आवडतं, कारण ते पुस्तकाबाहेरचं काही मागत नाही. लेखक कोण, कुठल्या जातीचा, हेतू काय, हे बाजूला ठेवून रचना बघा म्हणतं. 'इंधन'ला असा न्याय कुणी दिला असता तर मी आभारच मानले असते. पण याच पद्धतीला एक मर्यादा होती, आणि ती पुस्तकांनीच दाखवून दिली. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. विजय तेंडुलकरांनी त्याची प्रस्तावना लिहिली. त्यातल्या अनेक शब्दांचे अर्थ आपल्याला माहीत नाहीत, ते जग आपल्याला अनोळखी आहे, हे तेंडुलकरांसारख्या लेखकाने त्या प्रस्तावनेत उघडपणे मान्य केलं. मला ही फार महत्त्वाची घटना वाटते. पुस्तक समोर आहे आणि वाचणाऱ्याचं माप अपुरं पडलं आहे. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. पुस्तक वाईट म्हणायचं, किंवा माप बदलायचं.

सॉफ्टवेअरमध्ये आमचा एक साधा नियम आहे. फॉर्ममध्ये पर्याय दिलेले असतात आणि शेवटी असतं 'इतर'. 'इतर'मध्ये दोन-चार नोंदी असल्या तर काळजी नाही. पण 'इतर' भरायला लागलं, की लोक चुकीचे नसतात, आपला आराखडा चुकलेला असतो. मराठी साहित्याच्या फॉर्ममध्ये अण्णा भाऊ साठे 'इतर' होते, अमर शेख 'इतर' होते, बाबुराव बागूल 'इतर' होते. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णा भाऊंनी त्याचं उद्घाटन केलं. लेखन वाढत गेलं. मग शास्त्रालाच हलावं लागलं. शरद पाटलांनी 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिलं. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिलं आणि विचारलं, की साहित्याने आनंदच द्यावा हे माप वेदनेच्या लेखनाला कसं लावणार? समता, स्वातंत्र्य, न्याय यांची ओढ हेही मूल्य का धरू नये? या प्रश्नाचा पाया आणखी जुना आहे. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ग्रंथकारांच्या सभेला यायला नकार देणारं पत्र लिहिलं. आमची दुःखं ज्यांच्या ग्रंथांत नाहीत त्यांच्या सभेत आम्ही कशाला यायचं, असा त्याचा रोख होता. मी त्या पत्राला साहित्यशास्त्राचंच लेखन म्हणतो. 'साहित्य कशाला म्हणायचं' हाच त्यातला सवाल आहे.

आता आपल्याकडे. मराठीत मुसलमान आज लिहायला लागलेले नाहीत. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. पेशवाईत सगनभाऊंच्या लावण्या-पोवाडे लोक ऐकत होते. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक लिहून ही मंडळी एका जागी दाखवली, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की एवढी मोठी रांग आहे. लक्षात घ्या, कवी होतेच. ते दिसत नव्हते, कारण त्यांना एकत्र पाहणारा रकाना नव्हता. पुढे १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. फक्रुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी कष्ट घेतले. 'मुस्लिम मराठी साहित्य' असं नाव घेऊन उभं राहणं तेव्हा गरजेचं होतं. 'मुसलमानाची भाषा उर्दू' हा समज दोन्हीकडे इतका घट्ट होता, आणि आजही आहे, की मराठीत लिहिणारा मुसलमान कुणाच्याच हिशेबात नव्हता. नाव दिल्याने तो हिशेबात आला.

पण नावाचा दुसरा परिणामही होतो, आणि आज मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्या वाचकांपैकीच एक मुलगी कथा लिहिते. तिचं नाव मी सांगणार नाही. तिची एक कथा दोन बहिणींवर आहे. आखातात गेलेल्या भावाने पाठवलेल्या पैशातून घर दुमजली होतं आणि त्या वरच्या मजल्यावर कोण राहणार यावरून दोघींचं बोलणं तुटतं. कथा चांगली आहे. तिने ती काही जणांना वाचायला दिली. आपल्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, 'बेटा, घरची भांडणं बाहेर कशाला? आधीच समाजाची बदनामी कमी आहे का?' एका पुरोगामी वाचकाने सांगितलं, 'छान आहे, पण यात तलाक, बुरखा, मौलवी काहीच नाही. मुस्लिम स्त्रीचा प्रश्न कुठे आहे?' त्यानंतर तिने मला विचारलं, 'मी कथा लिहू की निवेदन?' सध्या तिने लिहिणं थांबवलं आहे.

हे दोन्ही सल्ले देणारी माणसं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला बसतात. पण त्यांचं साहित्यशास्त्र एकच आहे. मुसलमानाने लिहिलेली कथा म्हणजे मुसलमान समाजाबद्दलचा दाखला, हे दोघांनीही गृहीत धरलं आहे. एकाला तो दाखला चांगला हवा, दुसऱ्याला वाईट हवा. कथेतल्या दोन बहिणी कुणालाच नको आहेत. त्या वरच्या मजल्याची खोली कथेत कशी येते, थोरली बहीण भांडणात एकदाही आवाज का चढवत नाही, शेवट अर्धवट का ठेवला आहे, हे एकानेही विचारलं नाही.

दलवाईंच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. समाजसुधारक दलवाई इतके मोठे झाले, की कथाकार दलवाई त्यांच्या सावलीत गेले. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्या कामाचं मोल मी इथे सांगायची गरज नाही. त्यांचे समर्थक 'इंधन'मध्ये त्यांचे विचार शोधतात, विरोधकही विचारच शोधतात. पण 'लाट'मधल्या कथा त्यांनी आधी लिहिल्या. तो माणूस आधी लेखक होता. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेल्या माणसाच्या नजरेतून 'इंधन' गाव दाखवते, आणि दाखवताना कुणालाच सोडत नाही, निवेदकालाही नाही. हिंदू, मुसलमान, श्रीमंत, गरीब, सगळ्यांच्या वासना आणि भित्रेपणा त्यात आहे. सुधारकाच्या भाषणात बाजू असते. या कादंबरीत सगळे गुंतलेले आहेत. दिलीप चित्र्यांसारख्या कवीने ती इंग्रजीत नेली, ती काय फक्त समाजशास्त्रासाठी? अलीकडे साधना प्रकाशनाने 'जमीला जावद आणि इतर कथा' हा संग्रह काढला, म्हणून त्यांच्या कथा नव्या वाचकाला मिळतात तरी. ही समीक्षाच आहे. काय पुन्हा छापायचं हे ठरवणं म्हणजे काय महत्त्वाचं हे ठरवणं.

कुणी म्हणेल, हे सगळं पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकांनी करावं, पेण-रोह्याच्या लोकांनी यात का पडावं? या भागाचाच इतिहास आठवा. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तिला मराठीत गीता हवी होती, त्यातून पुढे 'गीताई' झाली. ग्रंथ कोणासाठी असतो, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. त्याच विनोबांनी अरबी शिकून कुरआनमधल्या निवडक आयती विषयवार लावून 'कुराण-सार' केलं. निवडणं आणि क्रम लावणं हेच वाचन, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रोह्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे ते चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि त्यांनी 'मेघदूत' मराठीत आणलं. दोघांपैकी एकही मराठीचा प्राध्यापक नव्हता. साहित्याचा विचार करण्यासाठी नेमणुकीचं पत्र लागत नाही, हे आपल्याच भागात ठरून गेलेलं आहे.

मग करायचं काय? माझ्याकडे तीन साध्या सूचना आहेत.

पहिली सूचना रकान्याबद्दल. ग्रंथालयशास्त्राचे शि. रा. रंगनाथन मुळात गणिताचे. एका पुस्तकाला अनेक पैलू असतात आणि वर्गीकरणाने ते सगळे धरले पाहिजेत, या विचारावर त्यांनी १९३३ साली आपली द्विबिंदू पद्धत मांडली. कपाटात पुस्तक एकाच जागी बसतं, ती लाकडाची मर्यादा आहे. संगणकाला ती मर्यादा नाही. आम्ही आमच्या फॉर्ममध्ये बदल केला. आता आधी साहित्यप्रकार निवडावा लागतो आणि त्यानंतर हवे तितके विषय जोडता येतात. 'इंधन' आता 'कादंबरी' आहे, 'कोकण' आहे, 'मुस्लिम समाज'ही आहे. 'गारंबीचा बापू'लाही 'कोकण' जोडलं. 'कोकण' शोधणाऱ्या वाचकाला आता दोन्ही पुस्तकं शेजारी दिसतात. तुमच्या ओळखीच्या वाचनालयात हे करायचं असेल तर सांगा, आम्ही येऊन करून देऊ.

दुसरी सूचना वाचनाबद्दल. आपण महिन्यातून एकदा बसतो, तेव्हा पुस्तकात काय सांगितलं यावर तासभर बोलतो आणि कसं सांगितलं यावर दोन मिनिटं. हे उलटं करून बघू. गोष्ट कोण सांगतंय? त्याला काय दिसतं, काय दिसत नाही? कोणाला बोलू दिलं आहे आणि कोणाला गप्प ठेवलं आहे? बोली कुठे येते आणि प्रमाण मराठी कुठे? हे प्रश्न कुठल्याही पुस्तकाला विचारता येतात. आणि त्यातून समाजाचे प्रश्न सुटून जातील अशी भीती नको. कोणाला गप्प ठेवलं आहे हे विचारलं, की समाज आपोआप आत येतोच, आणि जास्त नेमकेपणाने येतो.

तिसरी सूचना लिहिण्याबद्दल. प्रत्येकाने वर्षातून दोन पुस्तकांवर एकेक पान लिहावं. त्यातलं एक पुस्तक मुसलमान लेखकाचं असेल तर दुसरं नसावं, आणि दोन्हींना माप एकच लावावं. आपल्या माणसाचं म्हणून कच्चं पुस्तक पास करायचं नाही. ती मेहेरबानी झाली, आणि मेहेरबानीवर कुठलंही साहित्य मोठं होत नाही. पानं या नियतकालिकाकडे पाठवा, मराठीत किंवा दुसऱ्या भाषेत. आपल्या बोलीत लिहिलंत तर आणखी चांगलं.

एक शंका मला नेहमी विचारतात. इतकं शास्त्र डोक्यात घेतल्यावर वाचनातली मजा जात नाही का? जाऊ शकते, जर शास्त्र पुस्तकाच्या आधी उत्तर देऊन बसलं असेल तर. पुस्तक वाचायच्या आधीच त्यात काय सापडणार हे ठाऊक असेल तर पुस्तक उघडायचं कशाला? म्हणून माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. जे पुस्तक माझ्या मापात बसत नाही, ते मी लगेच ठेवून देत नाही, पुन्हा एकदा वाचतो. दुसऱ्यांदाही बसलं नाही तर बघतो, की खोट पुस्तकात आहे की मापात. कधी पुस्तकात निघते, कधी मापात.

पुढच्या बैठकीसाठी मी एक विनंती केली आहे आणि ती मान्य झाली आहे. त्या मुलीची दोन बहिणींची कथा आपण सगळे वाचून येणार आहोत. ती स्वतः हजर असेल. समाजाची बदनामी झाली की नाही आणि प्रश्न मांडला की नाही, हे दोन मुद्दे त्या दिवशी कुणी काढायचे नाहीत. बाकी कथेबद्दल जे बोलायचं ते मोकळेपणाने बोला, कडक बोललात तरी चालेल. तिला तेच हवं आहे.